फॉलचा कच्चा टाका

मल्लेश्वरम, बेंगळुरू
८ डिसेंबर २०२५

ती. अक्कास,
सुधींद्रचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या लेकीच्या पहिल्या संक्रांतीसाठी माझ्या हातांनी काय काय केलं ते आधी लिहितो, म्हणजे विहीणबाईंपुढे तुझी मान ताठ राहील. काळ्या साडीच्या पदराला रेशमी गोंड्यांचे कुच्चू, एकही गाठ मशीनची नाही. काळाच ब्लाउज, बाहीवर तिळाएवढ्या बुट्ट्या. हलव्याच्या दागिन्यांना मखमली पेटी. आणि फॉल, अख्खा हातशिलाईचा. फॉलचा टाका मी मुद्दाम कच्चा ठेवतो. निऱ्यांत पाय अडकला तर टाका सुटावा, बाई पडू नये. हे मला कुणी शिकवलं नाही, जुन्या साड्या उसवत माझं मीच शोधलं. कोरमंगलाच्या बुटिकवाल्या पोरी याला कमकुवत काम म्हणतात. म्हणोत बापड्या.

परवा तुझी सुखदा दुकानात आली होती. लग्नातली अबोली साडी डाव्या खांद्यावर पिनेपाशी फाटलेली. लिफ्टच्या दारात पदर अडकला म्हणाली. असं रफू केलं की तिलाच जागा सापडेना. ती आता घरातही साडीच नेसते, सासूबाईंना तसंच हवं असतं. तुला इतक्या वर्षांत जमलं नाही ते त्यांनी सहा महिन्यांत करून दाखवलं, असं मी चिडवलं. हसली नाही. बेळ्ळंदूरहून येता येता ट्रॅफिकने दमली असावी.

फोनवर तुला ऐकू येत नाही, तेव्हा पत्रानेच कळव. माया आहे तशीच राहू दे.
तुझा सुधींद्र

बेळगाव
१७ डिसेंबर २०२५

चि. सुधींद्रास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझी तूच केलेली तारीफ वाचून पोट भरलं, आज जेवायला नको. पण एक सांगते. शेजारची संहिता दर रविवारी मला सुखदाला व्हिडिओ कॉल लावून देते. ऐकू येत नाही म्हणून मी नुसती बघते. पोरगी दोन्ही खांद्यांवरून पदर घट्ट लपेटून बसते. लग्नात उकडतं म्हणून शालू फेकायला निघालेली ही! विहीणबाई पाठीमागे सोफ्यावर असतात, शेवटपर्यंत हलत नाहीत. सुखदा तोंड उघडण्याआधी मागे वळून बघते.

आणि अरे शहाण्या, लिफ्टच्या दारात पदर अडकला तर पदराचं टोक फाटेल. खांदा कसा फाटला? तू कापडातला ना? जेवायच्या निमित्ताने जाऊन ये. कुच्चूंचं कौतुक ऐकत बसू नकोस, पोरीकडे बघ. तब्येत सांभाळ.
तुझी अक्का

मल्लेश्वरम
३० डिसेंबर २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

गेलो होतो. चौदाव्या मजल्यावर दुमजली फ्लॅट, आतल्या आत संगमरवरी जिना, त्याला कठडा नाही. हल्ली तशीच पद्धत आहे, असं जावईबापू म्हणाले. जावई असून प्रणीत वाकून पाया पडला, जेवताना त्यानेच वाढलं. विहीणबाईंनी माझ्या रफूची फार तारीफ केली, पुण्यातही असा हात नाही म्हणाल्या, आणि आणखी एक साडी पुढे ठेवली. तोच डावा खांदा. पिनेपासून फाटत पाठीकडे गेलेली. पदर कुठे अडकला तर टोक फाटतं, खांदा असा फाटतो तो मागून कुणी हिसडून ओढला तरच.

निघताना सुखदा दारापर्यंत आली. मी विचारलं, तर म्हणाली, मामा, स्वल्प हळू बोला. तेवढ्यात प्रणीत आला. मग तीच मोठ्याने सांगू लागली की दाराच्या मुठीत अडकतो हो पदर, माझं लक्षच नसतं.

साडी रफू करून पाठवली. फाटकं कापड माझ्याने बघवत नाही. तू उगाच घोर करू नकोस. आशीर्वाद असू दे.
तुझा सुधींद्र

बेळगाव
६ जानेवारी २०२६

चि. सुधींद्रास,
आशीर्वाद.

घोर करू नको म्हणतोस? त्यांनी फाडायचं आणि तू सांधायचं, वर कुणाला दिसत नाही म्हणून मिरवायचं. तुझ्या गप्प बसण्यावरून त्यांना काय वाटलं असेल, याचा विचार केलास? आता एक टाका घालू नकोस. संक्रांत गेली खड्ड्यात, पोरीला घरी घेऊन ये. पत्र मिळताच जा.
अक्का

मल्लेश्वरम
१६ जानेवारी २०२६

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

माझ्या शुभंकरला तुला आणायला पाठवतोय, त्याच्याच हाती हे पत्र. शेजाऱ्यांच्या फोनवरून सांगण्यासारखं नाही. गाडीत बसल्यावर वाच.

तुझं पत्र बारा तारखेला मिळालं. संक्रांतीचं हळदीकुंकू होऊ दे, दुसऱ्या दिवशी आणू, असं मी ठरवलं. काळी साडी नेसून ती चार बायकांत उभी राहिलेली मला बघायची होती. बघितली. रूप असं की नजर ठरेना. बायका गेल्या, मीही निघालो. घरी पोचतोय तोच फोन आला की सुखदा जिन्यावरून पडली. अजून शुद्धीवर नाही. डॉक्टर आज काही सांगत नाहीत.

निऱ्यांत पाय अडकला, असं प्रणीत सगळ्यांना सांगतोय. काल विहीणबाई तीच साडी पिशवीत घालून दुकानात आल्या. मी ती टेबलावर पसरली. फॉल या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासला. अक्का, एकही टाका सुटलेला नाही. माझा कच्चा टाका, जसाच्या तसा. खांदा मात्र वीतभर फाटलाय, पाठीकडे, आणि पिन वाकून तिथेच अडकलीय.

साडी मी परत दिली नाही. पोलिस ठाण्यात नेऊन दिली, कुठे काय बघायचं ते बोट ठेवून दाखवलं. तू लवकर ये. तिच्या उशाशी आता आपलंच माणूस बसलं पाहिजे.
तुझा सुधींद्र

ता. क. त्या काय म्हणाल्या तेही तुला कळू दे. म्हणाल्या, तुम्ही घरचेच, आधीही दोनदा समजून घेतलंत. पोलिस कपडे मागायच्या आत एवढा खांदा बेमालूम करा, फॉल तेवढा उसवून ठेवा. साडीच्या रफूचे मी चारशे घेतो. त्यांनी पाच लाख देऊ केले. मी नाही म्हटलं.