कुंपणातलं शहर

३ मार्च
मी सांगते, नात लिहिते. मला अक्षर येत नाही. त्यावाचून काही अडलेलं नाही. नात जुन्या जर्मन घराण्यातल्या भाषा शिकते. आज तिने एक शब्द ऐकवला. मुळात कुंपण. जर्मनांकडे कुंपणच राहिला, डचांकडे बाग झाला, इंग्रजांकडे ‘टाउन’, म्हणजे अख्खं शहर. एकाच आजीची नातवंडं. इंग्रजांकडचं जरा शेफारलेलं.

४ मार्च
धाकट्या जाऊबाईशी अबोला चालू. माझा चहा पांचट, असं ती चारचौघांत म्हणाली. मागचं अंगण दोघींचं एकच. निर्णय: मध्ये कुंपण. आधी कुंपण, मग बाग, मग शहर. वस्ती माझ्याकडे, ती एकटी. येईल मुकाट्याने माफी मागायला. नात म्हणाली, आजी, शब्दाला त्यासाठी शेकडो वर्षं लागली. म्हटलं, त्यांच्यात माझ्यासारखी बाई नसेल.

९ मार्च, सकाळ
सुतार आला. टेप नको म्हटलं, काठीने मीच रेघ ओढली. तो नळाकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होता. कारागिराला बोलू दिलं की काम लांबतं.

संध्याकाळ
कुंपण उभं. दार ठेवलं नाही; दार ठेवलं तर कुंपण कसलं? नळ पलीकडे गेला, अंगणातला बाकही. मुद्दामच दिलं. आपलं मन मोठं.

१३ मार्च
बागेसाठी लावलेल्या रोपांनी माना टाकल्या. पाणी नात पुढच्या दाराने वळसा घालून आणते. तेवढाच तिला व्यायाम. पोस्टमन, शिंपीणबाई, सगळे पलीकडच्या बाकावर. माझा मुलगाही चहा तिकडेच घेतो. हेरगिरी करत असावा.

१६ मार्च, दुपार
नातसुद्धा अभ्यासाला बाकावर. तिथूनच लिहून घेतेय, मी फळ्यांआडून मोठ्याने सांगतेय. लिही: मला जाऊबाईची आठवण येत नाही. दुपारी तर मुळीच येत नाही.

पलीकडून तिचाच आवाज आला, “जाऊबाई, चहा ठेवलाय. पांचटच केलाय, तुम्हाला आवडतो तसा.”

लिही, अबोला आधी तिने मोडला. म्हणजे मी जिंकले.

चपला घातल्या. पुढच्या दाराने वळसा घालून निघाले आहे. बाकीचं बाकावर बसून सांगते. शहरात आता कोणी नाही.