ही जरा आत पडली आहे

१ फेब्रुवारी, सकाळ

घर विकायचं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं. मुलगी वर्षभर फोनवर तेच म्हणत होती, बाबा, आमच्याकडे या. पण कुठल्याही गोष्टीची वेळ यावी लागते. तिने तिच्या गावात एक खोली जास्त असलेलं भाड्याचं घर बघून ठेवलंय. जास्तीची खोली माझी. घरमालक एप्रिलअखेरपर्यंत थांबणार, मग दुसऱ्याला देणार. मी म्हटलं, एप्रिल कशाला, याच महिन्यात उरकतो. त्यावर ती म्हणाली, या वेळी नाही आलात तर मी पुन्हा विचारणार नाही. गमतीत म्हणाली असणार.

उभा जन्म पाण्याचे पंप विकण्यात गेला माझा. विहिरीला पाणी नव्हतं तिथेही विकलेत. घर म्हणजे काय, जरा मोठा पंप.

ही गेली त्याला मागच्या महिन्यात वर्ष झालं. एकट्या माणसाला एवढ्या खोल्या करायच्यात काय? मी भावनेच्या भरात वाहून जाणाऱ्यांतला नाही. प्रॅक्टिकल माणूस आहे.

संकल्प: किमतीत एक पैसा सोडायचा नाही. संध्याकाळी फिरायला जायचं. हिचं कपाट रिकामं करायचं.

४ फेब्रुवारी

एजंट येऊन गेला. गॉगल कायम डोक्यावर, डोळ्यांवर कधीच नाही. म्हणून मी त्याला गॉगलच म्हणतो (मनात). म्हणाला, काका, मार्केट झोपलंय. लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगला कुत्रं विचारत नाही. खालच्या मजल्यावरचा फ्लॅटसुद्धा मातीमोल भावात काढलाय तरी पडून आहे. हायवेला नव्या टॉवरमध्ये तयार किचन फुकट देतायत. मी म्हटलं, मार्केट झोपलेलं नसतं, सेल्समन झोपलेला असतो.

मग विचारलं, काकू कुठे वारल्या? सांगितलं, इथेच, आतल्या खोलीत, दुपारी, झोपेत. त्याने गॉगल काढला, पुसला, परत डोक्यावर चढवला. म्हणाला, हे कुणाला सांगू नका. लोक बिचकतात. घर भरलेलं दिसू दे.

भरलेलंच आहे की. हिच्या चपला दाराशी आहेत, चष्मा आतल्या पलंगाच्या उशाशी आहे. मी मुद्दाम ठेवलेत असं नाही. उचलायला वेळ झाला नाही एवढंच.

कपाट: उद्या.

८ फेब्रुवारी

पहिलं गिऱ्हाईक. नवंच लग्न झालेलं जोडपं. मी तयारीनिशी बसलो होतो. पडदे धुतलेले, टेबलावर दोन कप. त्यातल्या मुलीने विचारलं, काकू नाहीत का घरी? आणि तोंडातून निघून गेलं, ही जरा आत पडली आहे.

काय जादू झाली. दोघंही एकदम कुजबुजायला लागले, चवड्यांवर चालायला लागले. आतल्या खोलीचं दारसुद्धा उघडलं नाही, म्हणजे तिथल्या भिंतीची ओल दिसली नाही. जाताना मुलगी म्हणाली, काकूंना जपा.

तंत्र उत्तम आहे. चालू ठेवायचं. हे काही खोटं नव्हे, प्रेझेंटेशन आहे.

११ फेब्रुवारी

एक रिटायर्ड गृहस्थ मेझरिंग टेप घेऊन आले. माझ्याच घरात मला टेपचं दुसरं टोक धरून उभं केलं. मग असा भाव सांगितला की मी टेप सोडून दिला, तो सटकन त्यांच्या बोटावर बसला. दार दाखवलं. वाटलं, आतून आवाज येईल, अहो, चहा तरी विचारा. म्हणून जिन्यात जाऊन हाक मारली, पण ते बोट चोखत निघून गेले होते.

१९ फेब्रुवारी

आज तंत्रात सुधारणा. दरवेळी आत पडली आहे म्हटलं तर आजारी घर वाटतं. आज सांगितलं, अंघोळीला गेली आहे. खरं वाटावं म्हणून बाथरूमचा नळ बारीक सोडून दार लोटून ठेवलं. गिऱ्हाईक सज्जन. बाई बाहेर येतील तेव्हा अवघडायला नको म्हणून पाच मिनिटांत गेले.

मग मी फिरायला गेलो. संकल्प पाळला. परत आलो, कुलूप काढलं, तर आत पाण्याचा आवाज. बाथरूमचं दार लोटलेलं, खालून उजेड. मी दारातच उभा राहिलो, हातात किल्ली. चपलासुद्धा काढल्या नाहीत, आवाज नको म्हणून. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग टाकी रिकामी झाली आणि आवाज थांबला.

अख्ख्या बिल्डिंगला संध्याकाळी पाणी नाही. खालच्या वहिनी बादली घेऊन जिन्यात उभ्या होत्या. मी म्हटलं, पंप तपासायला हवा.

२७ फेब्रुवारी

महिना संपला. फेब्रुवारी मुळात लहानच महिना, त्यात कसला व्यवहार होणार? मुलीला सांगितलं, बोलणी अंतिम टप्प्यात आहेत. कुणाशी, असं तिने विचारलं. म्हटलं, बऱ्याच जणांशी.

कपाट उघडायला गेलो होतो. किल्ली फिरवली आणि आठवलं की बिल भरायचं राहिलंय.

६ मार्च

गॉगलचा फोन. भडकलेला. म्हणे सगळ्या गिऱ्हाइकांना तोच फिरवतो, आणि ती एकमेकांशी बोलतात. एकाला सांगितलं झोपल्यात, दुसऱ्याला अंघोळ, तिसऱ्याला बाजारात. एका बाईने न राहवून आतल्या खोलीत डोकावलं तर पलंग रिकामा आणि उशाशी चष्मा. ती आता दुसरी बिल्डिंग बघतेय. दुसरं गाव बघतेय. लोक म्हणतात त्या फ्लॅटमध्ये एक बाई आहे आणि ती कुणालाच दिसत नाही.

कुणीतरी मुद्दाम पसरवतंय. कोण, तेही माझ्या लक्षात आलंय. स्वतःचा फ्लॅट विकायचा कुणाला आहे? खालच्या वहिनींना. उद्या जाब विचारतो.

७ मार्च

विचारला. म्हणाल्या, भाऊजी, मी कुणापाशी चकार शब्द काढला नाही. तेवढा दुपारचा रेडिओ हळू लावा. मी म्हटलं, माझ्याकडे रेडिओ नाही. त्या म्हणाल्या, मग कोण बोलतं? एकच पुरुष बोलत असतो. थांबतो. मग हं, हं करतो. मग पुन्हा बोलतो.

मी म्हटलं, वरच्या मजल्यावरचा आवाज असेल.

वरचा मजला नाहीच. आमचाच शेवटचा. हे जिना चढताना लक्षात आलं. हिला सांगितलं तर किती हसेल, असं मनात आलं आणि घरात शिरताच सांगूनही टाकलं. सवय आहे झालं.

२१ मार्च

आज खरं गिऱ्हाईक आलं. दातांच्या डॉक्टरीणबाई आणि त्यांचे मिस्टर. बाईंनी आतल्या खोलीत जाऊन बोटाने भिंतीवर टकटक केलं आणि ओल बरोबर शोधली. आता दुखतं का विचारतील असं वाटलं. मिस्टर काही बोलत नव्हते. त्यांना सांगितल्याशिवाय तोंड उघडायची सवय नसावी.

मग बाईंनी प्रश्न सुरू केले. पावसाचं पाणी कुठल्या खिडकीतून येतं? उन्हाळ्यात दुपारी कुठे पडता? गॅसची एक बाजू काळी का पडलीय? मला एकाचंही उत्तर येईना. माझी नोकरी फिरतीची, घरी असायचो रविवारी. रविवारच्या घराची काहीही माहिती विचारा. शेवटी म्हटलं, हे सगळं हिचं खातं. आत्ता पडली आहे. विचारून सांगतो.

बाईंनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. म्हणाल्या, विचारून ठेवा. मी परत येते.

२४ मार्च

उत्तरं जमवतोय. सेल्समनला माल माहीत पाहिजे. सकाळपासून स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसलो. उन्हं वर आली की खिडकीतून वारा येतो आणि डावी शेगडी विझते. म्हणून ही त्या खिडकीत घडी घातलेला पुठ्ठा खोचून ठेवायची. तो मी गेल्या वर्षी कचरा म्हणून टाकला. तेव्हापासून शेगडीला शिव्या देतोय.

दुपारी खोल्याखोल्यांतून जमिनीवर झोपून पाहिलं. सगळ्यात गार जागा आतल्या खोलीत, दाराजवळ. पलंग तिथेच ओढून घेतला होता हिने. मी किती वेळा त्याला ठेचकाळलो आणि कुरकुरलो. म्हटलं, आधी सांगायचंस ना. जरा थांबलो. मग उठलो.

नवा पुठ्ठा कापून खोचला. शेगडी विझत नाही.

२ एप्रिल

डॉक्टरीणबाई पुन्हा. मी सगळी उत्तरं दिली. ही म्हणाली असं, ही म्हणाली तसं. बाई म्हणाल्या, हुशार आहेत. भेटायचंय मला. कुठेत? म्हटलं, भाजी आणायला गेली आहे. त्या म्हणाल्या, मग थांबतो. आणि बसल्याच.

आली का पंचाईत. चहा केला. चार कप. चौथ्यावर बशी झाकली. मिस्टरांनी घड्याळात पाहिलं, बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी घड्याळ बाहीत घातलं. जिन्यात पावलं वाजली की आम्ही तिघंही दाराकडे बघायचो. एकदा पावलं आमच्या मजल्यापर्यंत आली. संथ, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, हातात ओझं असल्यासारखी. मी उठून दाराशी गेलो, पिशवी घ्यायला. समोरच्यांकडे पाहुणे होते.

ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा त्या निघाल्या. म्हणाल्या, उशीर झालेला दिसतो. मी म्हटलं, वाटेत कुणी भेटलं की ही बोलत बसते. मग चौथा कप मी प्यायलो. गार झाला होता.

गिऱ्हाईक बसवून ठेवलं म्हणजे अर्धा सौदा झाला. मीही थांबलो, ते त्यांना खरं वाटावं म्हणून.

१८ एप्रिल

घर डॉक्टरीणबाईंना पसंत आहे. गॉगल फोनवर नाचतच होता. मग म्हणाला, काका, घर दोघांच्या नावावर आहे. त्यांचा वकील दोघांच्या सह्या मागतोय. काकूंचं नाव कमी केलं नाहीत का अजून? म्हटलं, करतो. म्हणाला, वर्ष झालं. म्हटलं, करतो म्हटलं ना.

तो म्हणाला, आता त्यांना तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार.

मुलीचाही फोन. घरमालक रोज विचारतोय. तिचा आवाज दमलेला वाटला. बाबा, यायचं नसेल तर तसं सांगा, म्हणाली. म्हटलं, एका सहीवर घोडं अडलंय.

२१ एप्रिल

योजना अशी. हिचा हात मोडलाय म्हणायचं. पण मग अंगठा मागतील. बहिणीकडे गेलीय म्हणायचं, तर वाट बघतील. त्या बाई वाट बघतात.

शेवटी एक नामी कल्पना सुचली. खालच्या वहिनी साधारण तेवढ्याच उंचीच्या. अर्धा तास चष्मा लावून बसायचं, बस्स. विचारायला गेलो. अर्ध्या वाक्यातच त्यांनी दार लावून घेतलं. आतून नाक ओढल्याचा आवाज येत होता. सर्दी झाली असावी.

२४ एप्रिल

डॉक्टरीणबाई एकट्याच आल्या. मी दार उघडलं, त्यांची नजर दाराशी असलेल्या चपलांवर गेली. मी तोंड उघडलं, ही जरा आत, इथपर्यंत म्हटलं. पुढचं येईना. पाठ केलेलं वाक्य, रोज म्हटलेलं. मग म्हटलं, ही गेली. गेल्या वर्षी. आत, दुपारी, झोपेत. मी पेपर वाचत होतो बाहेर. मला वाटलं पडली आहे. चहा करून हाक मारली.

हे मी मोठ्याने पहिल्यांदाच म्हटलं असं नाही. गॉगलला सांगितलं होतं. पण ते मार्केटिंगच्या संदर्भात.

बाई म्हणाल्या, माहीत आहे. खालच्या बाईंनी पहिल्याच दिवशी जिन्यात सांगितलं. म्हटलं, मग त्या दिवशी इतका वेळ बसलात कशाला?

म्हणाल्या, तुम्ही वाट बघत होतात. तुम्हाला एकट्याला टाकून कसं जायचं?

मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनीच चहा केला. खिडकीतला पुठ्ठा पाहिला, हात लावला नाही. म्हणाल्या, हा असाच ठेवते. मी मान खाली घालून बसलो होतो, डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. भाव त्यांनी जो सांगितला तो टेपवाल्यापेक्षाही कमी. मी हो म्हटलं.

३० एप्रिल, दुपार

करारावर माझी सही झाली. हिचं नाव कमी करायचा अर्ज दिला. बाकीचे कागद मागून होतील, बाईंना घाई नाही. एकूण व्यवहार मी म्हटल्याप्रमाणेच पार पडला. दोन महिने इकडे तिकडे. मुलगी आणि जावईबापू गाडी घेऊन निघालेत.

कपाट शेवटी उघडलं. म्हटलं, आता सुटका नाही. सगळं अंगावर येईल म्हणून तोंड फिरवूनच दार ओढलं. काहीच पडलं नाही. रिकामं होतं. पेपर अंथरलेले, कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या. मुलीला फोन केला. ती म्हणाली, बाबा, मी जाताना गेल्या वर्षीच आवरलं ना. तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही बरं म्हणालात.

म्हटलं असेन.

कपाटाला पुन्हा कुलूप लावलं. मग कळलं की लावायची गरज नव्हती.

खाली हॉर्न वाजतोय. निघालो. माझी बॅग लहानच आहे, त्यातही हिच्या चपलांनी जागा खाल्ली. मुलीने विचारलं तर सांगेन, घाईत चुकून आल्या.