अजबखान्यातला कोयता

आप्पा, गेल्या आठवड्यात मुलींना घेऊन मुंबईला जाऊन आले. पाय अजून दुखतायत. टाचा मिठाच्या गरम पाण्यात शेकून झाल्या, शाळेत खुर्चीवर बसूनच शिकवते आहे, आणि धाकटी रोज विचारते, आई, पुन्हा कधी जायचं? मी म्हणते, आता लग्न झालं की नवऱ्याबरोबर जा. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला सांगावं असं पुष्कळ घडलं, पण कधी लिहायला बसले नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि वाचून दाखवणारी मीच होते. आज बसले आहे, कारण एक गोष्ट तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही.

मुलांना मुंबईत काय काय दाखवावं याची एक यादी ह्यांच्या कचेरीतल्या एका कारकुनानं लिहून दिली होती. ती हातात घेतली आणि मला आपली यादी आठवली. मी तेव्हा दहा वर्षांची, भाऊ सहाचा. लाकडाच्या व्यापाऱ्यानं तुम्हाला मुंबईच्या वखारीत ओंडके निवडून द्यायला बोलावलं होतं. आतून किडलेला ओंडका तुम्ही कुणाचीही भीड न धरता किडका म्हणून सांगायचात, तेवढ्यासाठी त्यानं तुम्हाला आपल्या जंगलातल्या कुंभारवाड्याहून इतक्या लांब नेलं. आई नव्हती, म्हणून आम्ही दोघंही बरोबर. कॅसलरॉकपर्यंत चालत, मग आगगाडी. काम तीन दिवसांत उरकलं आणि परतीच्या गाडीआधी एक अख्खा दिवस मोकळा मिळाला. वखारीतल्या मुनीमजींनी कागदावर लिहून दिलं: प्राण्यांची बाग, तिथली हत्तीवरची फेरी, बागेशेजारचा अजबखाना, मग ट्राममधून समुद्र. बाकीच्याचं मला काही नव्हतं. मला हत्तीवर बसायचं होतं; मुंबईत पोरांना हत्तीवर बसवतात हे व्यापाऱ्यानं वाडीतच सांगितलं होतं. आपल्याकडे हत्ती भातात शिरला की सगळी वाडी डबे बडवत बाहेर पडायची, आणि मी त्याच्या पाठीवर बसून येणार, हे निघायच्या आधीच घरोघरी सांगून मोकळी झाले होते.

फेरी दुपारनंतर होती. ऊन फार होतं, म्हणून आधी अजबखान्यात शिरलो. तिथं काचेच्या कपाटांत वीतभर उंचीची मातीची माणसं मांडून ठेवलेली. कुणी लोहार, कुणी कोष्टी, कुणी मासे विकणारी. भाऊ काचेला नाक लावून धुकं करतोय. तुम्ही एका कपाटाशी थांबता ते थांबताच. आत एक काळा, किडकिडीत माणूस आहे, कमरेला लंगोटी, खांद्यावर कांबळं. खालची पाटी मी वाचून दाखवते, "कानडा मुलुखातला जंगली माणूस." मला आता वाटतं, तुम्हाला त्या शब्दाचा राग यायला हवा होता. तो आला नाही. "जंगलात ऱ्हातोय म्हंजे जंगलीच की," तुम्ही म्हणालात. "पर ह्यो कोयता बघ कुठं लावलाय."

कोयता पोटाशी खोचला होता. आपल्याकडे तो कमरेमागं बांधलेल्या लाकडी आकडीत अडकवतात, हे आपल्या भाकरी भाजणाऱ्या पोरींनाही ठाऊक असतं. तुम्ही शिपायाला हाक मारलीत. "ओ दादा, हे चुकलंय. ह्यो माणूस वाकला की आतडी भाईर येतील ह्याची." शिपाई म्हणाला, "तो मातीचा आहे, वाकणार कशाला?" तुम्ही म्हणालात, "मातीचा आसंना, पर आमचा हाय न्हवं?" मग व्यापाऱ्यानं दिलेली छत्री तुम्ही उलटी केलीत, तिची वाकडी मूठ धोतराच्या कमरेत मागं अडकवलीत, आणि त्या फरशीवर खाली बसून, वाकून, उठून दाखवलंत. पुन्हा एकदा, शिपायाला नीट दिसलं नसेल म्हणून. लोक जमले. एका बाईनं आपल्या मुलाला उचलून धरलं, त्याला दिसावं म्हणून. मी भावाचा हात धरून खांबामागं गेले. आप्पा, मला तुमची इतकी लाज वाटली की मी डोळे मिटून घेतले.

शेवटी एक चष्मेवाले कारकून आले. "साहेब संध्याकाळी येतात, त्यांच्या कानावर घालतो," म्हणाले. दुसरा कुणी असता तर बरं म्हणून निघाला असता. तुम्ही जिन्याच्या पायरीवर बसलात. "मी सोताच सांगतो." मी म्हणाले, आप्पा, हत्ती. तुम्ही म्हणालात, "जाऊया की. जरा थांब." मी किती वेळा म्हणाले ते आठवत नाही. भाऊ माझ्या मांडीवर झोपून गेला. माझे पाय ठणकत होते, जीभ कोरडी पडली होती, आणि बाहेर बागेत पोरं किंचाळून हसत होती. साहेब आलेच नाहीत. अजबखाना बंद झाला, आम्ही बागेत धावलो, तर माहूत हत्तीच्या पाठीवरची गादी उतरवत होता. समुद्रही राहिला, ट्रामही राहिली. मी तुम्हाला म्हणाले, "तुमच्यासंगं मी पुन्हा कुठं येणार न्हाई." तुम्ही खांद्यावरच्या भावाला तेवढं दुसऱ्या खांद्यावर घेतलंत.

वाडीत पोचलो तेव्हा अंगणात सगळी जमली होती. आजूबाजूच्या पोरी, काकू, म्हातारे. "बसलीस काय गं हत्तीवर?" मी म्हणाले, व्हय, बसले. मऊ लागतं, म्हणाले, आणि वरून सगळी मुंबई दिसते. भावानं तोंड उघडलं. मी तुमच्याकडे बघितलं, कारण तुम्ही कधी खोटं बोलत नव्हतात. व्यापाऱ्यापुढं नाही, फॉरेस्टच्या साहेबापुढं नाही, मग माझ्यासाठी कशाला बोलाल? तुम्ही पायावर पाणी घेत होतात. तांब्या खाली ठेवून म्हणालात, "व्हय. दोघंबी बसली. मी खाली हुबा हुतो." आणि घरात गेलात. त्यानंतर आपल्या दोघांत त्या दिवसाचा विषय कधी निघाला नाही. तुम्ही माझी माफी मागितलीत हे मला कळायला फार वर्षं लागली, आणि कळलं तेव्हा तुम्ही नव्हतात. बागेत मी तुम्हाला जे बोलले होते ते तसंच राहिलं.

गेल्या आठवड्यात मी मुलींना आधी अजबखान्यात नेलं. खरं तर मला जायचं नव्हतं. उकाड्यानं जीव नकोसा झाला होता, धाकटीला चप्पल लागत होती, थोरली दर दोन मिनिटांनी हत्ती हत्ती करत होती. तरी गेले. कपाट तिथंच आहे. पाटीही तीच, जंगली माणूस. पण आप्पा, कोयता मागं आहे. कमरेमागं आकडी आहे आणि आकडीत कोयता आहे, जसा तुम्ही छत्रीनं दाखवला होता तसा. पोटावर जिथं आधी तो चिकटवलेला होता तिथं मातीचा एक फिकट डाग राहिलाय. कुणी बदलला, कधी बदलला, मी शिपायाला विचारलं. त्याला काही माहीत नव्हतं. त्या चष्मेवाल्यांनी खरंच साहेबांच्या कानावर घातलं असेल का? मी काचेवर हात ठेवून उभी राहिले आणि मला रडू आलं. थोरली म्हणाली, "आई, पाय दुखतायत का तुझे?" मी हो म्हणाले. दुखतच होते.

हेच सांगायचं होतं. कागद शाळेच्या वहीतून फाडलाय, तो तिच्यातच पुन्हा घालून ठेवीन. अजून थोडं राहिलंय. मग आम्ही बागेत गेलो. मुली हत्तीवर चढल्या. माहूत म्हणाला, "बाई, जागा आहे, तुम्हीपण चढा." पायांना तर बसायला हवंच होतं. तेवढ्यात वरून थोरली ओरडून म्हणाली, "आमची आई लहानपणी बसलीये. आजोबांनी बसवलं होतं." मी त्यांना तसंच सांगत आले आहे, आप्पा, अजूनही. माहुतानं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, व्हय, बसलेय, आणि हत्ती चालायला लागला तशी खाली उभी राहिले.