वालमोरेची दुसरी घंटा

२ जुलै २०२१, शुक्रवार. सकाळी ढग होते, नंतर ऊन पडले. ऑफिसात रजा टाकली. दुपारी तीन वांगी आणली.

मी, जयप्रकाश वसंत बेडेकर, वय ५८, राहणार आइंडहोव्हेन, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणी न सांगता लिहीत आहे. प्रकृती ठीक आहे. उद्या सहाशे किलोमीटर एकट्याने गाडी चालवायची आहे, म्हणून आज. यावरून नोटरी डचमध्ये दस्त करतील.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक मुलगी मृण्मयी हिला.

२. फ्रान्समधील वालमोरे गावचे दोन खोल्यांचे घरही तिलाच. ते माझी पत्नी संध्या हिने हौसेने घेतले. चाळीस उंबऱ्यांचे गाव. गव्हाची शेते, कपडे धुण्याचा दगडी हौद, चर्च आणि गावाची सामाईक भट्टी. मृण्मयी म्हणते, "बाबा, तिथे जातं कोण? विकून टाका ना." विकायला हरकत नाही. आधी एकदा राहून यावे.

३. घरासोबत भट्टीची पाळी येते. महिन्याच्या पहिल्या शनिवारी भट्टी पेटते. सगळ्यांचे पाव झाले की शेवटची पाळी नवख्यांची, तेव्हा आच उतरलेली असते. संध्या त्यात भरताची वांगी भाजायची. शेजारच्या ओदिलबाईंनी एकदा भरीत बोटावर घेऊन चाखले, पुढच्या महिन्यात वाडगाच घेऊन आल्या. गावाने पुढे आधीची पाळी देऊ केली, ती संध्याने घेतली नाही. ही शेवटची पाळी सोडू नये.

४. भाऊ राजन याला माझी ड्रिल मशीन व सर्व हत्यारे. "त्या फ्रान्सच्या घराच्या पैशात नाशिकला बंगला झाला असता," हे तो संध्याच्या तेराव्यालाही व्हिडिओ कॉलवर म्हणाला. त्याने बांधावा.

५. वालमोरेच्या चर्चची घंटा तासाचे टोल देते आणि दोन मिनिटांनी तेवढेच टोल पुन्हा देते. शेतात ज्यांचे मोजायचे राहिले, त्यांच्यासाठी. संध्या म्हणायची, "जेपी, हे गाव तुझ्यासाठीच आहे. पहिल्यांदा सांगितलेलं तुला कधी ऐकू येतं?"

७ मार्च २०२०, भट्टीचा शनिवार. तिने पहाटे बॅग भरून दारात ठेवली. मी म्हणालो, काम आहे, पुढच्या महिन्यात जाऊ. ती "बरं" म्हणाली. दुसऱ्यांदा सांगितले नाही. एप्रिलमध्ये ती कोरोनाने दवाखान्यातच वारली. मला आत सोडले नाही.

६. तिची रक्षा माझ्याजवळ आहे. ती वालमोरेत हौदामागच्या अक्रोडाखाली ठेवायची आहे. ओदिलबाईंचा फोन आला होता, बंद असलेली भट्टी उद्या पुन्हा पेटते आहे. वाटेत माझे काही झाले, तर मृण्मयीने आम्हा दोघांना तिथे पोचवावे. या कागदातली अट एवढीच.

साक्षीदार, दोघेही शेजारी, बागेत दीड मीटर अंतर ठेवून समक्ष सह्या केल्या:
सुचेता गोगटे
अपूर्व टिपणीस

सही: ज. व. बेडेकर
आइंडहोव्हेन, २ जुलै २०२१, सायंकाळी सहा

साक्षीदार चहा घेऊन गेले. तीन कप विसळले. दारातली बॅग अजून तशीच होती. वांगी धुऊन, पुसून तिच्यात वरच्या बाजूला ठेवली.