चिंचेच्या सावलीचा दावा

मुक्काम आपलं जुनं गाव,
मार्च १९४४

प्रिय रंगनाथ यास सहादेवचा सप्रेम नमस्कार.

आपला वर्ग कविता म्हणायचा, तो सूर आज अंथरुणातच कानात घुमू लागला. तीस पोरं एका चरणावर आणि मोहियोद्दीन एकटा मागच्या चरणावर. छडी आपटली की तो अर्ध्या शब्दावर थांबायचा. तुझी प्रकृती कशी आहे? राहात्याचं पाणी मानवलं का? (वहिनींचा दमाही कळव.)

इकडे मी मजेत आहे, फक्त त्याच मोहियोद्दीनवर मी दावा लावला आहे. घाबरू नकोस, कारण सुंदर आहे. त्याच्या परसातली चिंच एवढी माजली आहे की माझ्या पूर्वेच्या खिडकीत दहा वाजेपर्यंत ऊन येत नाही. रॉकेल कुपनावर, डोळ्यांत मोतीबिंदू. सकाळचं ऊन पानावर पडेल तेवढा वेळच मला शाळेतली जुनी कवितांची पुस्तकं वाचता येतात. फांद्या छाट म्हटलं तर हा म्हणतो, "तुला समद्या कविता पाठ हायेत, मग ऊन कशाला?" रंगनाथ, पाठ असलेली कविता पुन्हा पानावर भेटते तेव्हा काय होतं, हे याला कसं सांगू? म्हणून नेवाशाच्या कोर्टात गेलो. जातो मात्र त्याच्याच छकड्यातून (मला गाडी नाही, आणि त्याला एकट्याला करमत नाही).

अडचण एवढीच की दुसरीतून बैलांमागे गेलेल्या मोहियोद्दीनला लिहिता-वाचता येत नाही, आणि त्याचे सगळे कागद गेली चाळीस वर्षं मीच पाहतो. समन्सही मीच वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी हा दारात. "सहादेवा, तुज्या दाव्याला उत्तर म्हनून कैफियत लिवायची हाय. जरा झोंबंल अशी लिव." लिहिली. लिहिता लिहिता रंगात आलो. विसावणारे वाटसरू काय, झोके घेणाऱ्या लेकी काय (त्याला लेकी नाहीत), शेवटी माझेच डोळे भरून आले. वकिलाने तिला थोडा कायदा लावून दाखल केली. वाचताना जज्जसाहेब चष्मा पुसत होते. माझी फिर्याद त्यापुढे अगदीच रुक्ष वाटली, कारण ती वकिलाने लिहिली होती.

सोमवारी तारीख आहे. बाकी क्षेम. नातवंडांना आशीर्वाद.

तुझा सहादेव

ता. क. कैफियतीत एक मुद्दा असा आहे की चिंच वादीनेच लावली. खरं आहे ते, म्हणून तर लिहिताना हात अडला नाही. पहिलीत असताना चिंचोका मी पुरला, पाणी मोहियोद्दीनने घातलं आणि पहारा तू केलास. हे जाणणारा तिसरा माणूस तू एकटाच उरला आहेस. कुणी विचारलं तर तुला काही आठवत नाही, एवढी कृपा कर. डोळे आहेत तोवर मला ते ऊन हवं आहे.

दुसरा ता. क. मागच्या आठवड्यात साक्षीला बोलावणारं मोहियोद्दीनचं पत्र तुला मिळालं असेल. ते मनावर घेऊ नकोस. त्याने "साक्षीला ये" एवढंच सांगितलं होतं. शाळा, ओढा, आणि मरायच्या आधी एकदा तिघांनी त्या सावलीत बसावं, हा मजकूर माझा.

तिसरा ता. क. दारात छकडा थांबला आहे. मोहियोद्दीन हाका मारतो आहे, "सहादेवा, बाहीर ये, बघ कोन आलंय." खिडकीतून पाहिलं तर त्या मेल्या चिंचेखाली धड काही दिसत नाही. हातात पत्र धरून, डोळे पुसत कुणीतरी म्हातारा उतरतो आहे. तो तू नसलास तर उलटटपाली कळव.