नावेतली कॅसेट

काशी, सोमवार, संध्याकाळ. कार्तिक, १९९४

आज राहवलं नाही, पंचगंगा घाटावर गेलोच. आमची भजनं यात्रेकरूंच्या कानी पडावीत, कुणीतरी विचारावं की गातंय कोण, म्हणून नाववाल्यांना कॅसेटी फुकट वाटल्या होत्या. चाली माझ्या, आवाज मालतीचा, गळ्याच्या ऑपरेशनच्या आधीचा.

रामधनीच्या नावेत बसलो. त्याने टेप लावला. सिनेमाचं गाणं!

"इसमें तो भजन थे?"

"मिटाके भर लिए, मास्टरजी. कैसेट बढ़िया है."

कॅसेटच्या मागचा तो प्लॅस्टिकचा तुकडा मोडला असता, तर वर काही भरताच आलं नसतं. मला ठाऊक नव्हतं का? पण मालतीच म्हणाली होती, "मोडू नका हो. शेवटचं कडवं बेसूर झालंय. बरी झाले की पुन्हा म्हणेन, सगळ्यांत भरू." ऑपरेशननंतर आवाज परतलाच नाही. तुकडे तसेच राहिले.

सिनेमाची गाणी संपली आणि उरलेल्या फितीवर तेच कडवं लागलं. रामधनीने वल्ह्यावरचा हात काढून टेप बंद केला.

घरी मालतीने खुणेने विचारलं, लावतात का?

"लावतात. आज शेवटचं कडवं ऐकलं."

नेमकं तेच! तिने कपाळावर हात मारला आणि हसली. आवाज न करता.