पाठ भिंतीला टेकवून

मंगळवार, ११ नोव्हेंबर
दुपार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र काल मिळालं. मी बरी आहे. लाँड्रीत नवीन इस्त्री आलीय, जुनीपेक्षा जड, पण मनगट अजून साथ देतंय. दोन दिवस मी फोन उचलला नाही म्हणून तू पत्र लिहिलंस. तुझं अक्षर अजून तसंच आहे, कागद फाटेस्तोवर दाबून काढलेलं.

तू दोन गोष्टी विचारल्या आहेस. पोटात गॅस धरला की आई काय काय करायची ते सगळं लिहून पाठव, कारण तुझ्या बायकोला तोच त्रास आहे आणि ती तशीच पोट धरून, पोरीला घेऊन, न सांगता निघून गेलीय. आणि खाली, सहज आठवल्यासारखं, ती माझ्याकडे आलीय का. या दुसऱ्या प्रश्नासाठीच पहिला लिहिलास, हे न कळायला मी काही दूधखुळी नाही. तरी क्रमानंच उत्तर देते. आधी उपाय.

एक चमचा ओवा, एक चमचा बडीशेप, दोन कप पाणी. निम्मं होईपर्यंत उकळायचं, गाळायचं आणि कोमट झालं की घोट घोट प्यायचं. गटागटा प्यायलं तर आणखी हवा पोटात जाते. संध्याकाळी कोबी नाही, वाटाणे नाहीत. घास नीट चावायचा आणि जेवताना बोलायचं नाही. हा शेवटचा नियम आपल्या घरात फार कडक पाळला जायचा. अण्णा समोर असताना बोलायची कुणाची छाती होती?

दुसरा उपाय शेकण्याचा. जाडं मीठ कोरड्या तव्यावर तडतडेपर्यंत भाजायचं, जाड फडक्यात बांधायचं, आधी आपल्या हाताला लावून बघायचं आणि मग बेंबीभोवती हलक्या हातानं फिरवायचं. हलक्या हातानं, हे आई दर वेळी सांगायची.

तिसरा उपाय तुला पाठच असेल. डाव्या कुशीवर पडायचं, गुडघे छातीशी घट्ट घ्यायचे, पाठ भिंतीला टेकवायची, दोन्ही हात डोक्यावर धरायचे आणि शंभरपर्यंत आकडे मोजायचे. आईनं आपल्याला बसता येत नव्हतं तेव्हापासून हे शिकवलं असेल. गुडघे पोटाशी घेतले की वारा सरतो, हे खरंच आहे. मलाही बरं वाटतं. माझं पोट कसं आहे ते तुला माहीत आहे. सगळ्या तपासण्या स्वच्छ, आतडं नाजूक, एवढंच डॉक्टर सांगतात. साडेसहा वाजले, अण्णांची कारखान्यातून यायची वेळ झाली, की कळ येते. अण्णा जाऊन अकरा वर्षं झाली, पण पोटाला ते अजून कुणी कळवलेलं नाही.

पण धाकट्या, गॅसला भिंत कशाला लागते? हात डोक्यावर कशाला लागतात?

तुला माहीत आहे. मलाही माहीत होतं. ते औषध गॅसवरचं नव्हतंच, अण्णांच्या बुटांवरचं होतं. लोखंडी टोकाचे, कारखान्यातून मिळणारे, तू आता घालतोस तसलेच. पाठ भिंतीला असली की मागून लाथ बसत नाही. गुडघे वर असले की पोट वाचतं. आई आपल्या दोघांदेखत रोज तिसरा उपाय करायची, आणि अण्णा दमले की उठून म्हणायची, झालं, वारा सरला.

त्या शनिवारी जवळ भिंत नव्हती. चहा गार होता एवढंच झालं होतं. आई टेबल आणि शेगडीच्या मधोमध पडली. तिनं सरकत भिंत गाठायचा प्रयत्न केला, तर अण्णांनी केस धरून तिला परत मधे ओढलं. मी लाथा मोजल्या. सात. शेवटच्या दोन पोटात, टाच मारावी तशा, वरून खाली. मग त्यांनी हात धुतले आणि जेवायला बसले. तू टेबलाखाली होतास. तुझ्या विजारीला आईच्या तोंडातलं रक्त लागलं होतं.

आई म्हणाली, "काही नाही गं, वायू धरलाय. मीठ गरम कर."

मी केलं. चौदा वर्षांची होते, सांगितलं ते केलं. तिचं पोट पाटासारखं कडक झालं होतं आणि मी त्यावर दोन तास शेकत बसले. जिथं आत फाटलं होतं तिथंच दाबत होते. आई फडकं चावत होती आणि मी तिला सांगत होते, थांब, आता सरेल. ओव्याचं पाणी पाजलं ते तिनं लालभडक ओकलं. अण्णांचं उष्टं ताट उचलायच्या आत ती गेली.

डॉक्टरांना अण्णांनी गॅस सांगितलं. पोलिसांना मी गॅस सांगितलं. तू दहा वर्षांचा होतास. तुला विचारलं तेव्हा तू माझ्या तोंडाकडे बघून म्हणालास, गॅस झाला होता. अण्णांनी तुझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्याआधी त्यांनी तुला मायेनं हात लावलेला मला आठवत नाही.

आता जे मी कुणाला सांगितलेलं नाही ते सांगते. तुझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा तुझ्या बायकोचा मला फोन आला. म्हणाली, ताई, पोटात गॅस धरतो, सासूबाई काय करायच्या? मी तिला पहिला उपाय सांगितला, दुसरा सांगितला, मग तिसरा. भिंतीसकट, हातांसकट. तिनं भिंत कशाला म्हणून विचारलं नाही. नुसतं म्हणाली, बरं. मला सगळं कळलं आणि मी फोन ठेवून दिला. नऊ वर्षं मी तोंड शिवून बसले, कारण तू माझा भाऊ. आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं मनाला समजावत राहिले. थू माझ्यावर.

तर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. हो, ती आली होती. गुरुवारी दुपारी, लाँड्रीच्या दारात, एका हातात चिमी आणि दुसऱ्या हातानं पोट धरलेलं. मी तिला घरी आणलं, आडवं केलं. ती म्हणाली गॅस आहे. आणि मी काय केलं माहीत आहे? तवा ठेवला. मीठ ओतलं. मीठ तडतडायला लागलं होतं.

तेवढ्यात शेजारच्यांचा दरवाजा आपटला. चिमी खेळता खेळता खाली पडली. डावी कूस, पाठ भिंतीला, गुडघे छातीशी, हात डोक्यावर. सहा वर्षांची पोर. तिथूनच मला म्हणाली, "आत्या, तू पण झोप ना लवकर."

मी गॅस बंद केला. तवा मिठासकट मोरीत फेकला आणि दोघींना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी काय झालं विचारलं, तर तुझी बायको ओठ दाबून म्हणाली, गॅस.

मी म्हणाले, "गॅस नाही, डॉक्टर. बूट."

दोन बरगड्या मोडल्या आहेत. प्लीहा फाटली होती, ती काढावी लागली. अर्धा तास उशीर झाला असता तर मी दुसऱ्यांदा एका बाईला शेकून मारलं असतं. ती जगेल. आता त्या दोघी कुठं आहेत ते मी सांगणार नाही. इकडे यायचं असेल तर ये. दिवसाचे आठ तास माझ्या हातात तापलेली इस्त्री असते आणि मी भिंतीला पाठ लावून पडणार नाही, एवढं ध्यानात ठेवून ये.

मी काल दोन जबाब दिले. एक तुझ्या बायकोचा, एक आईचा, तीस वर्षं उशिरानं. दुसऱ्यात तू टेबलाखाली होतास असं लिहून दिलंय. तेव्हाचं तुझं खोटं मी तुला कधीच माफ केलंय, ते मीच तुझ्या तोंडात घातलं होतं.

या आठवड्यात पोलीस तुझ्याकडे येतील. बायकोला काय झालं होतं, असं विचारतील. या वेळी माझ्या तोंडाकडे बघू नकोस. डोक्यावरून हात फिरवायला अण्णाही नाहीत. खरं काय ते सांग.

तू टेबलाखालून बाहेर यायची अजून वाट बघणारी,
तुझी ताई